आचारी, आचार्य आणि संगणक

(मैलापूर येथे मराठी भाषकांच्या एका मेळाव्यात भाषांतरकर्तीने दिलेले व्याख्यान, किरकोळ फेरफारांसह)



माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात तज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या मंडळींविषयी मी काही बोलावे, अशी सूचना आली तेव्हा ती टाळण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला होता. समोर बसलेल्यांपैकी निम्मे जण रोज सकाळी तिरुमयिलै स्थानकावर गाडी पकडून तरमणीच्या बाजूला असलेल्या कचेऱ्यांत जातात आणि संध्याकाळी, पुष्कळदा रात्री, परत येतात. त्यांच्या विषयावर त्यांच्याचपुढे मी बोलणे म्हणजे सुताराला रंधा कसा धरावा हे सांगण्यासारखे आहे. मी मराठीची विद्यार्थिनी; एम. ए. झाले तेही मराठीतच. संगणकाशी माझा संबंध दोनच वाटांनी आला. एक भाषांतराची. ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तके मराठीत आणताना मला पदोपदी त्याच्या परिभाषेशी झुंजावे लागले. दुसरी वाट गरजेची, आणि आज मी मुख्यतः तिच्याविषयी बोलणार आहे. त्यामुळे ह्या क्षेत्रातील सर्व प्रकारच्या कामांचा परामर्श घेण्याचा आव मी आणत नाही. लिपीचे काम करणारा जो तंत्रज्ञ असतो, ज्याच्यामुळे आपली अक्षरे पडद्यावर उमटतात, त्याचे काम नेमके काय असते एवढेच मला सांगायचे आहे.

तत्पूर्वी ह्या जागेविषयी दोन शब्द. मैलापुरात मराठी माणसाला परकेपणा वाटू नये अशी तजवीज पूर्वसूरींनी करून ठेवलेली आहे. लझ भागातील ग्रंथालय न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्या नावाचे आहे. १९०१ मध्ये रानडे वारल्यानंतर व्ही. कृष्णस्वामी अय्यर ह्यांनी पुढाकार घेऊन ते उभे केले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे येथे दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. १८९१ मध्ये त्यांचा अंत मैलापुरातच झाला. दिवाणबहादूर रघुनाथराव ह्यांच्या येथील घरी १८८४ मध्ये जी बैठक भरली, तिचा उल्लेख राष्ट्रसभेच्या पूर्वपीठिकेत येतो. आज सभागृहात तंजावरी मराठी बोलणारी काही वडीलधारी मंडळीही बसली आहेत. त्यांची मराठी ऐकताना मला नेहमी वाटते की, भाषा टिकते ती बोलण्यात. पण पुढच्या माणसाच्या हाती ती पोचते अक्षरांतून. आणि अक्षरांची गोष्ट निघाली की तंत्रज्ञाची गोष्ट निघणे अपरिहार्यच आहे.

माझे पहिले भाषांतर २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सह्याद्रीतील नद्यांविषयीचे ते पुस्तक होते. हस्तलिखित मी टंकलेखकाकडे दिले, त्याने ते संगणकावर उतरवले, मुद्रिते तपासली गेली, पुस्तक निघाले आणि यथाकाल संपलेही. दहा-बारा वर्षांनी पुनर्मुद्रणाचा विषय निघाला. प्रकाशकाकडे मजकुराची फाइल जपून ठेवलेली होती. ती नव्या संगणकावर उघडली तेव्हा पडद्यावर मराठीचे एकही अक्षर नव्हते. इंग्रजी अक्षरे, कंस, टक्क्याची चिन्हे, पौंडाची चिन्हे आणि मधूनमधून प्रश्नचिन्हे, अशी तीनशे पाने. ज्या फॉन्टमध्ये ती मजकूररचना झाली होती तो फॉन्ट आता कोणाकडे नव्हता, आणि त्याचे नाव सांगू शकेल असा माणूसही राहिला नव्हता. सर्व मजकूर पुन्हा टंकित करावा, असा सल्ला मला मिळाला. तीनशे पाने पुन्हा टंकित करणे म्हणजे तीनशे पानांच्या नव्या चुका; हे ज्यांनी मुद्रिते तपासली आहेत त्यांना सांगायला नको.

असे का झाले, हे मला पुढे समजले ते थोडक्यात सांगते. संगणकाला अक्षर ठाऊक नसते. त्याला आकडा ठाऊक असतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि यंत्र तो क्रमांक साठवते. त्या काळातील पद्धतीत अशा जागा एकंदर २५६, आणि त्यांपैकी पहिल्या १२८ इंग्रजीने आधीच अडवलेल्या. तेव्हा आपल्याकडील फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक युक्ती केली. यंत्राच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरच ठेवायचे, पण त्याच्या जागी चित्र मात्र मराठीचे दाखवायचे: कुठे काना, कुठे अर्धा क, कुठे रफार. म्हणजे माझ्या पुस्तकाच्या फाइलमध्ये मराठी कधी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांना मराठीचा अंगरखा घातलेला होता. अंगरखा हरवला आणि आतले उघडे पडले. शिवाय प्रत्येक फॉन्टवाल्याचा अंगरखा वेगळ्या मापाचा. एकाच्या फॉन्टमध्ये जिथे ‘क’ तिथे दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वेलांटी. युक्ती म्हणून ती चांगली होती, आणि तिच्याच जोरावर मराठी वृत्तपत्रे व पुस्तके कितीतरी वर्षे छापली गेली, हे विसरून चालणार नाही. पण युक्तीला व्यवस्था समजले की काय होते, ते मी अनुभवले.

ह्या अडचणीत मला कोणीतरी कपालीश्वराच्या देवळाजवळच्या एका बाईंचे नाव सुचवले. एका मोठ्या कचेरीतील नोकरी सोडून त्या घरी बसून जुन्या तमिळ मजकुरांच्या रूपांतराचे काम करतात. मैलापुरात वडीलधाऱ्या बाईंना ‘मामी’ म्हणण्याची रीत आहे, तेव्हा मीही त्यांना मामीच म्हणते. त्यांना मराठी येत नाही. नागरी अक्षरे त्या लावून वाचतात, तीही संस्कृत स्तोत्रांमुळे. मराठीशी त्यांचा परिचय एवढाच की तरुणपणी त्यांनी खांडेकरांच्या कादंबऱ्या का. श्री. श्री. ह्यांच्या तमिळ भाषांतरांतून वाचल्या होत्या. खांडेकर हे तमिळ लेखकच होत, असे त्यांना बरीच वर्षे वाटत असे. एका भाषांतरकाराची ह्याहून मोठी वाखाणणी मी ऐकलेली नाही.

मामींनी आधी छापील पुस्तक मागितले. फाइलमधील प्रत्येक विचित्र चिन्हापुढे त्या छापील पानावरील कोणता आकार येतो हे त्या लिहीत गेल्या. दोन आठवड्यांत दीडशेहून अधिक ओळींचा एक तक्ता तयार झाला. तक्ता झाला म्हणजे काम संपले, असे मला वाटले होते. वस्तुतः ते तेथून सुरू झाले. कारण जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, आणि नव्या पद्धतीत ती उच्चारतो त्या क्रमाने साठवावी लागतात. ‘कि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी आधी काढलेली दिसते, उच्चारात ती नंतर येते. रफाराचे ह्याच्या उलट: ‘सूर्य’ ह्या शब्दात तो ‘य’च्या डोक्यावर, म्हणजे शेवटी काढला जातो, उच्चारात मात्र र आधी. तेव्हा तीनशे पानांतील प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी मागे न्यायची आणि प्रत्येक रफार पुढे आणायचा. हे करणारी आज्ञावली मामींनी लिहिली. पहिले रूपांतर हाती आले तेव्हा मला हर्षच झाला. मराठी परत आली होती.

दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा दूरध्वनी आला. “मॅडम, तुमच्या छापील पुस्तकात अर्ध्या र ची दोन चित्रे आहेत. एक डोक्यावर बसते. दुसरे य च्या डावीकडे पापणीसारखे वळते. माझ्या तक्त्याने दोघांना एकच क्रमांक दिला आहे. आता मला सांगा, ही एकाच अक्षराची दोन चित्रे आहेत की दोन वेगळी अक्षरे?”

मी पाहिले. खरोखरच ‘करणाऱ्या’ होते तिथे सर्वत्र ‘करणार्या’ झाले होते; ‘किनाऱ्यावर’चे ‘किनार्यावर’. मी मराठीची एम. ए.; आणि ह्या प्रश्नाचे उत्तर मला तत्काळ देता आले नाही, हे येथे प्रांजळपणे सांगते. लिहिताना हात बरोबर चालतो. पण हा फरक केवळ वळणाचा आहे की अर्थाचा, हे कोणी मला विचारलेच नव्हते. मी एक दिवस मागून घेतला आणि व्याकरण उघडून बसले.

हा फरक अर्थाचा आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ हे दरीचे अनेकवचन. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना, ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. रफार येतो तिथे जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर पडतो. ‘दर्या’मधला ‘द’ त्यामुळे गुरू होतो, ‘दऱ्या’मधला लघूच राहतो, वृत्तातील गण मोजताना हे चटकन ध्यानी येते. आपल्या भाषेत ‘-री’ आणि ‘-रा’ ह्यांत संपणारी नामे-विशेषणे चालवताना हा अर्धा र पावलोपावली लागतो: पायऱ्या, वाऱ्यावर, तिसऱ्या. त्याशिवाय कऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ हे शब्दही त्याच्याच आधाराने उभे आहेत. मी मामींना आचारी आणि आचार्य ह्यांचा दाखला दिला आणि म्हटले, “लग्नात ‘आचाऱ्यांना दक्षिणा दिली’ असे मी लिहिले आणि तुमच्या तक्त्याने रफार दिला, तर पैसे भलत्याच्या हाती जातील.” त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “आणि वाक्य वाचून ते कोणाला कळणार नाही?” मी म्हटले, “नाही; वाक्य तसेही बरोबरच राहील.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग ते दोन अक्षरे आहेत. मरम आणि मऱम सारखी.” तमिळमध्ये एका र ने ‘मरम’ म्हणजे झाड, दुसऱ्या र ने तोच शब्द लिहिला तर शौर्य. बोलताना आज बहुतेकांच्या तोंडी दोन्ही र सारखेच झाले आहेत. लिहिताना मात्र भेद पाळावाच लागतो.

आता येथे एक अद्भुत गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी हा सर्व विस्तार केला. युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत साध्या ‘र’चा क्रमांक २३५२ आहे. आपला अर्धा र लिहिण्यासाठी जे अक्षर वापरतात ते खाली टिंब असलेले ‘ऱ’. त्याचा क्रमांक २३५३. ही जागा मराठीसाठी राखलेली नव्हती. नागरीत तमिळादी द्राविड भाषांचा तो दुसरा र लिहिता यावा, म्हणून ती ठेवली गेली. तिच्यापुढे हलन्त आले की त्याचे रूप मराठीचा पापणीसारखा अर्धा र, असे पुढे ठरवण्यात आले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ह्या दोन र चे काही नाते नाही. आपला उच्चार साध्या र चाच आहे. ही निव्वळ जागेची सोय. पण सोय म्हणून का होईना, मराठीतील प्रत्येक ‘करणाऱ्या’, ‘येणाऱ्या’, ‘जाणाऱ्या’ आज तमिळच्या ओसरीवर उभा आहे.

एवढेच नव्हे. २३५३ मध्ये ६४० मिळवा, म्हणजे २९९३ येतात. तो तमिळ लिपीतील त्याच दुसऱ्या र चा क्रमांक. नागरी ‘क’चा क्रमांक २३२५, त्यात ६४० मिळवले की २९६५, तमिळ ‘क’. मामींनी हे मला कागदावर मांडून दाखवले तेव्हा मी अवाक झाले. हा योगायोग नाही. ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व भारतीय लिप्यांचा सांगाडा एकच आहे, हे सूत्र धरून आपल्याकडील तंत्रज्ञांनी १९८०च्या दशकात एक सामाईक संकेत तयार केला होता. त्याला ‘इस्की’ म्हणतात. कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये ह्या कामाचा पाया घातला गेला. मोहन तांबे हे त्यातले एक प्रमुख नाव. पुढे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत ते काम वाढले, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने हा संकेत मानक म्हणून प्रसिद्ध केला. युनिकोडची पहिली आवृत्ती त्याच वर्षी निघाली आणि तिने भारतीय लिप्यांची मांडणी इस्कीच्या १९८८च्या रूपावरून घेतली. प्रत्येक लिपीला १२८ घरांची एक आळी. नागरीपासून तमिळची आळी पाचवी. एका आळीतील घर क्रमांक दुसऱ्या आळीतील त्याच घराशी जुळतो. अशोकाच्या शिलालेखांतील अक्षरांचे वंशज दोन हजार वर्षांनी एका तक्त्यात पुन्हा शेजारी बसले, आणि ते काम कोणा पंडिताने नव्हे तर तंत्रज्ञांनी केले.

तमिळ मंडळींना मात्र ही मांडणी निर्विवादपणे पटली असे नाही, आणि त्यांचा आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. नागरीत ‘क’ हे मूळ अक्षर. त्याचा पाय मोडला की व्यंजन. तमिळ व्याकरणपरंपरेत ह्याच्या उलट आहे. तेथे शुद्ध व्यंजन हा देह, स्वर हा प्राण, आणि दोहोंच्या संयोगाने अक्षर. बारा स्वर, अठरा व्यंजने, त्यांच्या संयोगाने झालेली २१६ अक्षरे आणि एक आयुधाक्षर, मिळून २४७. ह्या २४७ पैकी प्रत्येक अक्षराला स्वतःची जागा असावी, नागरीच्या मापाने बांधलेल्या घरात आम्हाला बसवू नये, असे म्हणणारा मोठा पक्ष येथे होता. तमिळच्या आळीत ख, ग, घ ह्यांची घरे रिकामी पडली आहेत, हेही त्या मापाचेच लक्षण. चेन्नईत फेब्रुवारी १९९९ मध्ये ह्याच प्रश्नांवर परिषद भरली. देशोदेशीचे तमिळ तंत्रज्ञ आणि भाषापंडित एकत्र बसले, आणि त्याच वर्षी राज्य शासनाने एक कळफलक व दोन संकेत मान्य केले. तो कळफलक ‘तमिळ ९९’ ह्या नावाने आजही वापरात आहे. २०१० मध्ये शासनाने युनिकोडला मान्यता दिली ती देताना २४७ अक्षरांना स्वतंत्र जागा देणारी आपली वेगळी व्यवस्थाही तिच्या जोडीला ठेवली. व्यवहारात युनिकोडच सर्वत्र पसरला. तो वाद कोणी जिंकला हे महत्त्वाचे नाही. वाद झाला, आणि त्यात व्याकरणकार बोलले.

आपल्याकडे काय झाले? तंत्रज्ञ आपले होते. संस्था पुण्यात होती. पण मराठीच्या वर्गात बसून आम्ही ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर वाद घालत होतो त्याच काळात आपल्या अक्षरांना क्रमांक दिले जात होते, आणि आम्हाला त्याची वार्ताही नव्हती. दोष तंत्रज्ञांचा नव्हे. अर्धा र वेगळा आहे की नाही, हे त्यांनी कोणाला विचारायचे? मामींनी मला विचारले तेव्हा मलाही एक दिवस लागला.

परिणाम मात्र दिसतात. अर्धा र संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक ह्या ‘ऱ’च्या साहाय्याने, दुसरा साध्या र ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. दोन्ही डोळ्यांना तंतोतंत सारखे दिसतात. यंत्राला ते भिन्न आहेत. ग्रंथसूचीत एका प्रकारे नोंदलेले नाव दुसऱ्या प्रकारे शोधले तर सापडत नाही, आणि वाचकाला वाटते की पुस्तक नाहीच. ‘ॲ’चीही तीच कथा. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आले ते २००८ मध्ये. तोपर्यंत ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवले जात होते, आणि तसे लिहिलेला मजकूर आजही सर्वत्र पडलेला आहे. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ मध्ये वर्णमालेविषयी निर्णय काढून ‘ॲ’ आणि ‘ऑ’ ह्यांना स्वरांत बसवले आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ कसे असावेत हेही सांगितले. तोवर हिंदी वळणाचा ‘ल’ संगणकांवर रुळून गेला होता. (माझ्या मुलीला मराठी वळणाचा ल हा जुन्या पुस्तकांतला काहीतरी अलंकार वाटतो.)

मघाशी मी तमिळच्या ओसरीचा उल्लेख केला. देवघेव एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. ह्या शहरात जन्मलेले आर. नरसिंहन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५४ मध्ये गेले आणि देशात बांधल्या गेलेल्या पहिल्या संगणकांपैकी ‘टिफ्रॅक’ त्यांच्या नेतृत्वाखाली १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे मुंबईत त्यांनी जी संगणकसंस्था उभारली, तिच्यात रघुनाथ कृष्ण जोशी हे अक्षरकार येऊन मिळाले. र. कृ. जोशी सर ज. जी. कलाशाळेच्या परंपरेतले, कवी, सुलेखनकार, आय.आय.टी. मुंबईतील अध्यापक. बोरू आणि टाक ह्यांच्यावर हात बसलेला हा मनुष्य साठीच्या उंबरठ्यावर संगणकाच्या अक्षरांकडे वळला. २००० मध्ये विंडोज प्रणालीबरोबर जगभर गेलेला ‘मंगल’ हा नागरी फॉन्ट त्यांचा. त्याच प्रणालीबरोबर तमिळसाठी ‘लता’ नावाचा फॉन्ट आला, तोही त्यांच्याच मार्गदर्शनाखाली तयार झाला. मैलापुरातील कोणत्याही झेरॉक्सच्या दुकानात, लग्नपत्रिकेच्या मसुद्यापासून जमिनीच्या अर्जापर्यंत, वर्षानुवर्षे जे तमिळ अक्षर पडद्यावर उमटत होते त्याला वळण दिले होते एका मराठी माणसाने. २००८च्या फेब्रुवारीत ते वारले. मामींना मी हे सांगितले तेव्हा त्यांना प्रथम खरे वाटेना, मग म्हणाल्या, “खांडेकरांचे कर्ज फिटले म्हणा की.”

त्याच फेब्रुवारीत तमिळ लेखक सुजाता वारले, हे मामींमुळे मला कळले. सुजाता म्हणजे एस. रंगराजन, पत्नीच्या नावाने लिहीत. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये ते अभियंता होते आणि मतदानयंत्राच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. नोकरी सांभाळून त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या आणि वाचकांच्या विज्ञानविषयक प्रश्नांना साप्ताहिकातून उत्तरे दिली. मामींनी संगणकाचा पहिला पाठ त्यांच्या लेखांतून घेतला. तंत्रज्ञाला आपली भाषा येत असली तर काय घडू शकते, हे येथे मी व्याख्यान देऊन सांगण्याची गरज नाही. तुमच्यापैकी अनेकांना मराठी उत्तम येते. कचेरीत तिचा उपयोग नाही, असे तुम्ही मला चहाच्या वेळी सांगता.

तंजावरच्या मंडळींसाठी आणखी एक बातमी आहे, जरी ती आता काही वर्षांची जुनी झाली असली तरी. सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदपत्रांचे रुमाल तुम्ही पाहिले असतील. मोडीला युनिकोडमध्ये स्वतःची आळी २०१४ मध्ये मिळाली. त्याच आवृत्तीत ग्रंथ लिपीलाही, जिच्यात ह्या प्रांतातील संस्कृत शतकानुशतके लिहिले गेले. म्हणजे तो रुमाल उघडून त्यातील अक्षर मोडी म्हणूनच संगणकात उतरवणे आता शक्य आहे. शक्य आहे एवढेच. ते वाचणारा माणूस शेजारी बसल्याशिवाय कोणताही तंत्रज्ञ ते करू शकणार नाही, आणि मोडी सफाईने वाचणारे किती उरले आहेत ते तुम्ही जाणताच.

आता माझ्या पुस्तकाचे काय झाले ते सांगून थांबते. मामींनी दोन र चे दोन क्रमांक केले आणि रूपांतर पुन्हा चालवले. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी यंत्राकडून दोन याद्या काढून घेतल्या: एकीत पुस्तकातील रफाराचे सर्व शब्द, दुसरीत अर्ध्या र चे. दोन्ही याद्या मला पाठवल्या आणि तपासायला सांगितले. मी वरवर चाळल्या, ठीक वाटल्या. चार दिवसांनी पुन्हा दूरध्वनी. एक शब्द दोन्ही याद्यांत आला होता. “मॅडम, एकाच शब्दात आधी हा र आणि पुढे तो र, असे तुमच्या भाषेत होते का? माझ्या तक्त्यात चूक असेल तर मी शोधते आहे; मला सापडत नाही.”

शब्द होता ‘दर्याखोऱ्यांतून’. मी छापील पुस्तक काढले. एकशे बारावे पान. नदी सह्याद्रीच्या दर्याखोऱ्यांतून वाहत येते, असे तेथे स्वच्छ छापलेले होते, म्हणजे समुद्रातून. मूळ हस्तलिखित माळ्यावर होते. तेही काढून पाहिले. टंकलेखकाचा दोष नव्हता, मुद्रिते तपासणाराचाही नव्हता. अक्षर माझेच होते, आणि रफार मीच दिलेला होता.